शाळा आणि घर यांचा मेळ: अभिजात ख्रिस्ती शाळांसाठी मार्गदर्शन

पालकांना सोबत घेऊन चालण्याची भाषा जवळजवळ प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असते. प्रत्यक्षात तिचा अर्थ बहुधा एवढाच उरतो की पालकांनी सभेला हजर राहावे, डायरीवर सही करावी आणि शुल्क वेळेवर भरावे. अभिजात ख्रिस्ती शिक्षणाची, म्हणजे लॅटिन, तर्क, वक्तृत्व यांसारख्या जुन्या युरोपीय विद्या ख्रिस्ती श्रद्धेच्या चौकटीत शिकवण्याची, वाट धरलेल्या शाळेला एवढ्यावर भागवता येत नाही, कारण या पद्धतीच्या मुळाशी असलेली धारणाच निराळी आहे. मुलाला घडवण्याची जबाबदारी देवाने आईवडिलांवर टाकली आहे, आणि शाळा त्या जबाबदारीचा एक भाग त्यांच्या वतीने, त्यांनी दिलेल्या अधिकारात पार पाडते. मदतनीस कोण असेल तर ती शाळा. मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी हा क्रम मनात पक्का केला की पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचू लागतात. तो पक्का नसेल तर कितीही सभा घेतल्या तरी पालक पाहुणेच राहतात.

या क्रमाला शास्त्राधार आहे. बायबलमधील अनुवाद या पुस्तकात (६:६–७) देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्यास सांगितले आहे, ते घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांपैकी एकही वेळ शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. इफिसकरांस पत्र ६:४ मधली आज्ञा तर थेट वडिलांना आहे. मग शाळा हवी कशाला? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना ख्रिस्ती शाळा काढण्याचे आवाहन केले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर तीन कारणांनी दिले होते: काही आईवडिलांना मुळात आस्था नसते, बहुतेकांना शिकवता येत नाही, आणि ज्यांना आस्था आहे व शिकवताही येते त्यांना सवड नसते. त्याच ल्यूथर यांनी १५२९ मध्ये लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांत सांगणारी पुस्तिका, प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील मुख्य भागांच्या मथळ्यांत कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसे शिकवावे असे घातले. शाळा काढणारा माणूस घराच्या हातातले पुस्तक काढून घेत नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पद्धतीची ओळख पालकांना कशी करून द्यावी

पालक ज्या शाळेत शिकले त्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच ते आपल्या मुलाच्या शाळेकडे पाहतात. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे ही पद्धत आहे तरी काय, हे त्यांना साध्या भाषेत सांगणे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांना मध्ययुगीन युरोपात ट्रिव्हियम म्हणत. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र मिळून क्वाड्रिव्हियम होई. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात या तीन विद्यांची सांगड मुलांच्या वाढीशी घातली: लहान वयात पाठांतराची हौस, मग वाद घालण्याची खुमखुमी, आणि पुढे स्वतःचे म्हणणे नेटके मांडण्याची ओढ. अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी १९८१ मध्ये सुरू झालेल्या लोगोस स्कूलने हा विचार वर्गात उतरवला आणि तिथून आजची चळवळ वाढली.

एवढा इतिहास पुरे. पालकांपुढे अधिक वेळ द्यायचा तो हेतू समजावण्यास. माहिती देणे हा या शिक्षणाचा शेवटचा हेतू नाही. जे प्रेम करण्याजोगे आहे त्यावर योग्य प्रमाणात आणि योग्य क्रमाने प्रेम करायला मुलाने शिकावे, हा हेतू आहे. सद्गुण म्हणजे प्रेमाचा योग्य क्रम, असे प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन म्हणत. इथेच घराचा संबंध येतो, कारण लॅटिनची रूपे वर्गात शिकवता येतात, पण कशावर जीव लावायचा हे मूल प्रथम आईवडिलांकडे पाहून ठरवते. ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात वडील पॅट्रिशियस यांच्याविषयी जे लिहिले आहे ते पहिल्या पालकसभेत सांगण्यासारखे आहे. वडिलांची परिस्थिती बेताची होती, तरी ऐपतीबाहेर खर्च करून त्यांनी मुलाला उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत शिकायला पाठवण्याची तयारी केली. गावात त्यांचे कौतुक झाले. मुलगा उत्तम वक्ता व्हावा एवढीच त्यांची आस होती, तो देवापुढे कसा वाढतो आहे याची त्यांना फिकीर नव्हती. शाळेसाठी सर्वस्व वेचणारा पालकही शाळेच्या मूळ हेतूकडे पाठ फिरवून उभा असू शकतो, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

प्रवेशाच्या वेळी काय विचारावे

प्रवेशाची मुलाखत मुलाची कमी आणि आईवडिलांची जास्त असावी. शक्य तिथे दोघांनाही बोलवावे. शाळेचे श्रद्धाविधान (शाळा काय मानते याचे लेखी निवेदन), शिस्तीचे नियम आणि गृहपाठाचे धोरण त्यांच्या हाती आधी द्यावे आणि ते वाचून आल्यावर भेटावे. आईवडिलांपैकी निदान एकजण एखाद्या मंडळीचा (चर्चचा) सभासद असावा अशी अट काही शाळा घालतात, तर काही शाळा ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबांनाही प्रवेश देतात. धोरण कोणतेही असो, ते लेखी आणि सर्वांना सारखे असावे; ओळखीच्या कुटुंबासाठी वाकवलेली अट पुढे प्रत्येक वादात डोके वर काढते.

"आमच्या शाळेकडून आपली काय अपेक्षा आहे?" या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळते. त्यापेक्षा प्रसंग पुढे ठेवावा. मुलीने घरी येऊन सांगितले की शिक्षिकेने तिला विनाकारण रागावले, तर आपण त्या संध्याकाळी काय कराल? मुलाला गणितात मिळालेले गुण आपल्या अपेक्षेपेक्षा कमी असले, पण त्याने पहिल्यांदाच कोणाचीही मदत न घेता काम पुरे केले असले, तर घरी त्याला काय ऐकायला मिळेल? सायंकाळी घरात टीव्ही-मोबाइलचे पडदे किती वेळ चालू असतात? शेवटचा प्रश्न खासगी वाटला तरी विचारावा, कारण ज्या मुलाला रोज तीन तास हलत्या चित्रांची सवय आहे त्याला दीर्घ कविता ऐकत बसणे शिक्षा वाटते, आणि त्याचा दोष मग पद्धतीला दिला जातो. उत्तरे बरोबर की चूक हे पाहायचे नाही. आईवडील एकमेकांकडे पाहून उत्तर देतात की एकटाच बोलतो, हे अधिक सांगून जाते.

प्रवेश निश्चित होण्यापूर्वी पालकांना अर्धा दिवस वर्गात बसू द्यावे. बंद दारामागे काय चालते याविषयीची निम्मी शंका तिथेच फिटते आणि ज्यांना ही शाळा मानवणार नाही त्यांनाही ते वेळेत कळते.

वयानुसार घराने काय करावे

पालकांना सर्वसाधारण उपदेश नको असतो. आज संध्याकाळी नेमके काय करू, हे त्यांना हवे असते, आणि ते मुलाच्या वयानुसार बदलते.

लहान वर्गांत, म्हणजे साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत, घराचे काम ऐकण्याचे आहे. मूल वर्गात ठेक्यावर "आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त" असे प्रेम करणे या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप म्हणते. आईला लॅटिनचा गंध नसला तरी चालतो. शाळेने तिला सहा रूपांची चिठ्ठी द्यावी. तिने जेवणाआधी ती हातात धरून मुलाकडून एकदा म्हणवून घ्यावे, अडखळला तर पुढचे अक्षर सांगावे, आणि मग "आता मला शिकव" म्हणावे. एवढ्या पाच मिनिटांत उजळणी होते, आणि आईलाही शिकण्याची हौस आहे हे मुलाला दिसते. आपल्याला जमत नाही म्हणून लाजणाऱ्या पालकांना क्विंटिलियन यांचे मत आवर्जून सांगावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस या रोमन शिक्षकाने लिहिले आहे की ज्या आईवडिलांना स्वतःला विद्या लाभली नाही त्यांनी मुलांच्या शिक्षणात कमी लक्ष घालू नये, उलट त्याच कारणाने बाकीच्या बाबतींत अधिक दक्ष राहावे.

याच वयासाठी पवित्र शास्त्रातील कथा सांगण्याची एक जुनी आणि विलक्षण व्यवहारी रीत आहे. चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान क्रिसोस्टोम यांनी पालकांसाठी लिहिलेल्या निबंधात ती सविस्तर दिली आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर वडिलांनी काइन आणि हाबेल यांची गोष्ट रंगवून सांगावी, पण लगेच तात्पर्य काढू नये. दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी तीच गोष्ट मुलाला सांगायला लावावी. ती त्याला चांगली येऊ लागली की मग तिच्यातून काय घ्यायचे ते बोलावे, आईनेही ती सांगावी. त्यानंतर ज्या दिवशी उपासनेत तोच भाग वाचला जाणार असेल त्या दिवशी मुलाला हात धरून न्यावे. इतरांना जे ठाऊक नाही ते आपल्याला आधीच माहीत आहे, या आनंदाने ते उड्या मारील. कथन, उजळणी, अर्थ आणि मग मंडळीतील वाचन, हा क्रम शाळेने जसाच्या तसा उचलावा: आठवड्याच्या आरंभी कोणती कथा वर्गात येणार हे पालकांना कळवावे, म्हणजे ती घरी आधी ऐकलेली असेल.

बारा ते चौदा हा टप्पा घराला सर्वांत जड जातो आणि नेमक्या याच टप्प्यावर शाळा पालकांना वाऱ्यावर सोडतात. मूल तर्कशास्त्र शिकू लागते. वर्गात तर्कदोषांची नावे पाठ होतात आणि त्याच रात्री ती घरच्यांवर चालवली जातात. वडील म्हणतात, "खोली आवर, कितीदा सांगायचे?" मुलगा उत्तरतो, "बाबा, तुमचे टेबल तरी कुठे आवरलेले असते?" आणि वडील चिडून "तोंड सांभाळून बोल" म्हणाले की तो विजयी चेहऱ्याने सांगतो की हा धाकाचा तर्कदोष झाला. वडिलांना वाटते, शाळेने मुलाला उद्धट केले. शाळेने तर्काचा पहिला धडा घेण्याआधीच पालकांची एक बैठक घेऊन हे घडणार असल्याचे सांगून ठेवावे, आणि उत्तरही हाती द्यावे. वरच्या प्रसंगात खरा दोष मुलाच्याच बोलण्यात आहे: सांगणाऱ्याचे टेबल अस्ताव्यस्त असल्याने खोली आवरण्याचे कारण खोटे ठरत नाही. वडिलांनी शांतपणे तेवढे दाखवून द्यावे, टेबलाविषयीचे म्हणणे खरे असेल तर मान्य करावे, आणि खोली आवरून घ्यावी. आज्ञा पाळणे आणि तिचे कारण विचारणे या दोन गोष्टींचा क्रम घरात ठरलेला असावा: आधी काम, मग प्रश्न, आणि प्रश्नाला खरे उत्तर. तर्क हे माणसाला हरवण्याचे हत्यार नाही, हे शिक्षकानेही वर्गात सांगितले पाहिजे. कनिष्ठ भावंडांवर तर्कदोषांची नावे फेकणाऱ्या मुलाविषयी घरून निरोप आला तर ती शाळेचीही बाब समजावी.

वरच्या वर्गांत घराचे काम श्रोत्याचे होते. अनेक शाळांत शेवटच्या वर्षी विद्यार्थी दीर्घ प्रबंध लिहितात आणि परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करतात. आईवडिलांनी तो सुधारून देऊ नये. मुलाला उभे करून पंधरा मिनिटे ऐकावे, आणि जिथे कळले नाही तिथे "इथे मला कळले नाही" एवढेच म्हणावे; प्रामाणिक श्रोता लाभलेला मुलगा स्वतःच वाक्ये बदलतो.

गृहपाठ आणि घरची संध्याकाळ

घराला महत्त्व देतो म्हणणारी शाळा घरची प्रत्येक संध्याकाळ गृहपाठाने भरून टाकत असेल तर तिचे म्हणणे पोकळ आहे. गृहपाठाची वेळेची कमाल मर्यादा इयत्तेनुसार ठरवावी आणि ती ओलांडली गेल्यास पालकांनी वहीत "वेळ संपली" असे लिहून काम थांबवावे, मुलाला त्याची शिक्षा होणार नाही, अशी हमी शाळेने द्यावी. शिक्षकांनी एकमेकांत बोलून कामाचा भार वाटून घ्यावा, नाहीतर चार विषयांचे प्रत्येकी "थोडेसेच" मिळून रात्र होते. प्रभुवारी, म्हणजे रविवारी, गृहपाठ नसावा. ज्या घरी आई किंवा वडील एकटेच मुलांना वाढवत आहेत, किंवा दोघेही उशिरा परततात, त्यांच्यासाठी रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी उजळणी, अशी वेगळी आखणी करून द्यावी. सर्वांना एकच माप लावले की तीच घरे आधी गळतात.

काही शाळांत विद्यार्थी आठवड्याचे दोन-तीन दिवसच वर्गात येतात आणि उरलेले दिवस शिक्षकांनी आखून दिलेले काम घरी आईवडिलांच्या देखरेखीखाली करतात. घराला खरा वाटा देणारी ही रचना आहे, पण ती स्वस्त समजू नये. घरच्या दिवशी कोणीतरी मोठे माणूस खरोखर मोकळे असावे लागते.

तक्रार, शिस्त आणि पत्रव्यवहार

विश्वास बसतो किंवा तुटतो तो इथे. मत्तय १८:१५–१७ मधील क्रम शाळेच्या नियमांत शब्दशः उतरवावा: ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याशी प्रथम एकट्याने बोलावे, उपयोग झाला नाही तर एकदोघांना बरोबर घ्यावे, आणि तरीही सुटले नाही तर वर जावे. पालक थेट मुख्याध्यापकांकडे आले तर मुख्याध्यापकांनी पहिल्या वाक्यात विचारावे की आपण शिक्षकांशी बोललात का. नसल्यास त्यांची भेट ठरवून द्यावी आणि तपशिलात शिरू नये. हाच नियम शिक्षकांनाही लागू आहे. मुलाविषयीची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चघळली जाते आणि आईवडिलांना शेवटी कळते, ही तक्रार अनेक पालकांकडून ऐकू येते आणि ती बहुधा खरी असते. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याची शंका मात्र या क्रमाला अपवाद आहे. ती त्याच दिवशी प्रमुखांना आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांना कळवायची असते.

पालकांना लिहिताना विशेषणे टाळून घटना लिहावी. "आपला मुलगा अप्रामाणिक वागतो" या वाक्याने आईवडिलांच्या मनाची दारे बंद होतात. त्याऐवजी असे लिहिता येते: "मंगळवारी लॅटिनच्या चाचणीत त्याने शेजारच्या वहीतून तीन उत्तरे उतरवली. विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग जेवणाच्या सुट्टीत स्वतः येऊन कबूल केले. चाचणी त्याला पुन्हा द्यावी लागेल. तो स्वतःहून आला याचा मला आनंद वाटला, हे आपण त्याला सांगावे अशी विनंती." अशा पत्रात घडले ते आहे, परिणाम आहे आणि घराने करायचे एक काम आहे. चांगली बातमी कळवणारे पत्रही प्रत्येक कुटुंबाला पहिल्या महिन्यातच जावे, म्हणजे शाळेचे नाव पाहून छातीत धस्स होणार नाही. शिक्षेच्या बाबतीत दोन्हीकडून सावध असावे: ऑगस्टीन लहानपणी शाळेत मार चुकावा म्हणून देवाला विनवीत असत आणि मोठी माणसे, आईवडीलसुद्धा, त्या माराला हसत. घर आणि शाळा यांचे एकमत झाले म्हणजे मुलाचे भले झालेच असे नाही. घरीही शाळेच्याच चुकीसाठी दुसरी शिक्षा होऊ नये, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

मंडळ्यांमधील मतभेद

एकाच वर्गात बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतले आणि न देणाऱ्या मंडळीतले मूल शेजारी बसते. शाळेने आपल्या श्रद्धाविधानात सर्व ख्रिस्ती परंपरांना मान्य असलेला गाभा ठेवावा आणि जिथे मंडळ्यांत मतभेद आहेत अशा प्रश्नावर शिक्षकाने निरनिराळी मते न्याय्यपणे मांडून "तुझ्या आईबाबांना आणि पाळकांना विचार" असे सांगावे. उत्तर देण्याचा मोह शिक्षकाला होतो, विशेषतः त्याचे स्वतःचे मत ठाम असेल तेव्हा, पण तो अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

याची दुसरी बाजूही पालकांना सांगावी लागते. सोपवलेल्या अधिकाराच्या कक्षेत शिक्षक काय वाचायला देतो, कोणता धडा आधी घेतो, हे प्रत्येक घराच्या पसंतीने ठरत नाही. प्राचीन ग्रीक कवी होमर किंवा रोमन कवी व्हर्जिल वाचताना मूर्तिपूजक देवदेवता येणार, त्याला हरकत असलेल्या पालकांना प्रवेशापूर्वीच पुस्तकांची यादी दाखवावी.

पालकांचे स्वतःचे शिक्षण

मुले जे वाचतात त्यातले एखादे पुस्तक पालकांनीही वर्षभरात वाचावे, महिन्यातून एकदा शिक्षकांबरोबर बसून त्यावर बोलावे, असा उपक्रम बहुतेक शाळांना परवडतो. चर्चेला व्याख्यानाचे रूप येऊ देऊ नये आणि वडिलांना सोयीची वेळ निवडावी. सकाळच्या बैठकांना फक्त आयाच येतात आणि मग वडील दूर राहतात याबद्दल खंत करण्यात अर्थ नसतो.

वर्षाच्या अखेरीस प्रत्येक कुटुंबाला वीस मिनिटे द्यावीत. गुणपत्रक बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: या वर्षात मुलाला घरी नवे काय आवडू लागले, शाळेच्या कोणत्या मागणीने घर मेटाकुटीला आले, आणि आमच्याविषयी आपण दुसऱ्यांशी बोललात पण आमच्याशी बोलला नाहीत असे काही आहे का. तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प राहावे. जे सांगितले जाईल ते लिहून घ्यावे, त्यावर काय करणार आणि काय करणार नाही हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. एखादे कुटुंब शाळा सोडणार असेल तर तीच भेट त्यांच्याशीही घ्यावी, मुलाची कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, आणि नव्या शाळेला मुलाविषयी लिहायचे पत्र आधी आईवडिलांना वाचायला द्यावे.